थिंक टँक कसे चालतात: प्रश्न कोण ठरवतं, पैसा कोण देतं

कराडजवळच्या गावातली आणि साताऱ्यात अर्थशास्त्रात एमए करणारी एक मुलगी विचारते: “बातम्यांत सारखं ‘अमुक थिंक टँकच्या अहवालानुसार’ असं येतं. या संस्था नेमकं काय करतात? त्यांचे प्रकार कोणते? सगळ्यांवर सारखाच विश्वास ठेवायचा का? आणि आमच्या भागातल्या मुलांना तिथे काम मिळतं का?”

यातला तिसरा प्रश्न सगळ्यात मोलाचा आहे, म्हणून जास्त शब्द त्यावरच खर्च करणार आहे. मी आधी पुण्यात आणि मग दिल्लीत धोरण-संशोधन करणाऱ्या संस्थांमध्ये नोकरी केली. आता सांगलीत राहून अशाच संस्थांचे मसुदे तपासून देते. आतून जे दिसतं ते सांगते.

विद्यापीठातला अभ्यासक एका प्रश्नावर दहा वर्षं घालवू शकतो. मंत्रालयातल्या उपसचिवाला मात्र अधिवेशनाच्या आत टिपणी हवी असते, आणि ती चार पानांच्या वर गेली तर वाचायला त्याला वेळ नसतो. या दोघांच्या मधल्या जागेत थिंक टँक काम करतो. तो कायदा करत नाही, योजना राबवत नाही, निवडणूक लढवत नाही. सरकारनं काय करावं, त्याला खर्च किती येईल, भलं कोणाचं होईल आणि भुर्दंड कोणावर पडेल, हे अभ्यासून मांडायचं आणि निर्णय घेणाऱ्यापर्यंत वेळेत पोचवायचं, हे त्याचं काम.

हा प्रकार आपल्याकडे परका नाही. पुण्याची गोखले अर्थशास्त्र संस्था १९३० साली सुरू झाली ती साताऱ्याचे रावबहादूर रा. रा. काळे यांनी भारत सेवक समाजाला दिलेल्या देणगीतून. पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ. साताऱ्यात वाणिज्य महाविद्यालयाला ज्यांचं नाव आहे, तेच. देशात स्वतंत्र अर्थशास्त्रीय संशोधन करणाऱ्या अगदी जुन्या संस्थांपैकी ही एक. संस्थेच्या वार्षिक समारंभात २९ जानेवारी १९३९ रोजी डॉ. आंबेडकरांनी संघराज्याच्या योजनेवर टीका करणारं भाषण केलं होतं. १९४० साली संस्थेनं वाई तालुक्यातल्या शेतीच्या जमाखर्चाची पाहणी छापली. शेतकऱ्याच्या घरातल्या माणसांनी रानात केलेली मेहनत खर्चात धरायची की नाही, धरली तर कोणत्या दरानं, हा अशा प्रत्येक पाहणीपुढचा अवघड प्रश्न. आज हमीभावाच्या भांडणात ‘ए-टू अधिक एफएल’ आणि ‘सी-टू’ हे शब्द ऐकू येतात, त्यांच्या मुळाशीही खर्चात काय काय धरायचं हाच प्रश्न आहे. पहिल्यात प्रत्यक्ष झालेला खर्च आणि घरची मेहनत धरतात, दुसऱ्यात त्यावर स्वतःच्या जमिनीचा खंड आणि भांडवलावरचं व्याजही धरतात. म्हणून उत्पादन खर्चाचे आकडे दोन निघतात, आणि मधल्या फरकावर अख्खी आंदोलनं उभी राहतात.

आता काम कसं चालतं ते बघू. बाहेरून फक्त अहवाल दिसतो, पण खरी मेहनत प्रश्नावलीत असते. समजा, तासगाव-मिरज पट्ट्यातल्या द्राक्ष बागायतदारांवर किती कर्ज आहे, हे काढायचंय. दिल्लीत बसून प्रश्न लिहिला: “तुमच्यावर सध्या किती कर्ज आहे?” शेतकरी सोसायटीचं आणि बँकेचं सांगतो आणि थांबतो. कृषी सेवा केंद्रातली औषधांची उधारी त्याच्या लेखी कर्ज नाही, ती ‘बाकी’ आहे. व्यापाऱ्याकडून हंगामाआधी घेतलेले पैसे ‘उचल’ आहेत. पाहुण्यांकडून लग्नासाठी आणलेले ‘हातउसने’ आहेत. हे चारही वेगवेगळे विचारले नाहीत तर कर्जाचा आकडा निम्म्यावर येईल, आणि त्या आकड्यावर उभी राहिलेली शिफारस बँकेच्या कर्जमाफीपलीकडे जाणार नाही. त्यात कोणी खोटं बोललेलं नसतं. पाहणी करणाऱ्यांना माणसं पैशाला काय म्हणतात हे माहीत नसतं, एवढंच.

म्हणून चांगली संस्था आधी वीस-पंचवीस घरांत कच्ची प्रश्नावली घेऊन जाते, मग ती बदलते, मग नमुना निवडते. नमुना निवडणं हे स्वतंत्र शास्त्र आहे. रस्त्यालगतची गावं सोपी पडतात म्हणून तीच घेतली तर वाडीवस्तीवरचा माणूस सुटतो. पाहणी झाली की आकडे तपासायचे. कोणी गुंठे एकरांच्या रकान्यात लिहिलेले असतात, कोणी जिरायत बागायतीत टाकलेली असते. या कंटाळवाण्या कामाला प्रकल्पाचा केवढा तरी वेळ जातो. मग मसुदा, बाहेरच्या दोघा-तिघा जाणकारांकडून तपासणी, दुरुस्त्या. शेवटी दोनशे पानांचा अहवाल, त्याचं चार पानांचं सार, वर्तमानपत्रात एखादा लेख, आणि सचिवांसमोर वीस मिनिटांचं सादरीकरण. बऱ्याच वेळा त्यानंतर काहीच होत नाही. कपाटात पडून राहणं हे अहवालांच्या कुंडलीतच असतं, आणि त्यानं खचून जायचं नसतं, कारण वेळ कधी येईल सांगता येत नाही.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण आमच्याच सांगली जिल्ह्यातलं आहे, तेही कुठल्या संस्थेचं नव्हे. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे हे तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे. मागेल त्याला काम देता येईल, आणि ते सरकारची जबाबदारी म्हणून देता येईल, ही त्यांची मांडणी. साठच्या दशकात तासगाव भागात तिचा लहान प्रमाणावर प्रयोग झाला. पुढे १९७२ चा दुष्काळ पडला. लाखो माणसं कामाला उभी राहिली, सरकारला तातडीनं काहीतरी करणं भाग होतं, आणि तयार विचार हाताशी होता. रोजगार हमी राज्यभर गेली. १९७७ साली कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. पैसा कुठून आणायचा याचंही उत्तर होतं: १९७५ पासून व्यवसाय कर बसला. आजही बहुतेक नोकरदारांच्या पगारातून दरमहा २०० रुपये (फेब्रुवारीत ३००) कापले जातात, ते मुळात यासाठी. २००५ साली केंद्राचा ग्रामीण रोजगार हमी कायदा आला, तेव्हा महाराष्ट्राचा अनुभव डोळ्यांसमोर होता. आणि मधल्या काळात? योजनेचा लाभ खरोखर कोणाला होतो, बायका किती येतात, मजुरी वेळेवर मिळते का, हे अभ्यासकांनी कामांवर जाऊन तपासलं. नियोजन आयोगाच्या मूल्यमापन विभागानं पाहणी केली, पुण्याच्या अभ्यासकांनी केली. कल्पना, छोटा प्रयोग, संकटाची वेळ, पैशाची सोय, नंतरची तपासणी: धोरण घडण्याचा सगळा रस्ता विसापूरपासून दिल्लीपर्यंत इथे दिसतो. थिंक टँक या रस्त्यावर कुठेही उभा असू शकतो, पण संकटाच्या आधी कागद तयार ठेवणं हे त्याचं मुख्य काम.

आता प्रकार. त्यांची कोरडी यादी परीक्षेत उपयोगी पडेल, पण फरक कळायचा तर एकच प्रश्न सगळ्यांसमोर ठेवून बघावा. सांगलीचा पूर घेऊ. २००५, २०१९, २०२१. कृष्णेवरच्या आयर्विन पुलावर ४० फुटांना इशारा आणि ४५ फुटांना धोका, हे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ आहे. पूर कशानं येतो यावर मात्र घरोघरी वेगळं मत: कोयना धरणाचा विसर्ग, कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचा फुगवटा, पात्रातली बांधकामं, की पाऊसच तसा पडतो म्हणून?

२०१९ च्या पुरानंतर सरकारनं नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि २०२० मध्ये तिचा अहवाल आला. अलमट्टीला तिनं पुराचं मुख्य कारण मानलं नाही. इथल्या अनेक जाणकारांना ते आजही पटलेलं नाही, आणि अलमट्टीची उंची ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ मीटरवर नेण्याचा विषय निघाला की वाद पुन्हा पेटतो. अशी समिती म्हणजे थिंक टँक नव्हे. तिला कार्यकक्षा आखून दिलेली असते, आणि काम संपलं की ती विसर्जित होते. प्रश्न मात्र उरतो. दर पावसाळ्यात तोच प्रश्न पुन्हा हातात घेणारी, जुने आकडे जपून ठेवणारी कायमची संस्था हवी असते ती याचसाठी.

सरकारशी जोडलेल्या संस्थेला धरणांच्या विसर्गाची आतली आकडेवारी मिळेल, जी बाहेरच्यांना माहितीचा अधिकार वापरूनही मिळायला घाम फुटतो. संरक्षण खात्याच्या पैशावर चालणारी दिल्लीची संरक्षण अभ्यास संस्था १९६५ ची, आज तिला मनोहर पर्रीकरांचं नाव आहे. नियोजन आयोगाच्या जागी १ जानेवारी २०१५ ला आलेला नीती आयोग तर सरकारचाच भाग. यांचं वजन मोठं, मंत्र्यापर्यंत वाट सरळ. पण निष्कर्ष अडचणीचा निघाला तर तो छापायचा की नाही हे त्यांच्या हातात नसतं.

विद्यापीठाच्या वळणाच्या संस्था दुसऱ्या टोकाला. गोखले संस्था, समाज आणि राजकारणाचा अभ्यास करणारी दिल्लीची सीएसडीएस (१९६३), सार्वजनिक वित्तावर काम करणारी एनआयपीएफपी (१९७६). या पुरावर पाच वर्षं घेतील, पण गावनिहाय नुकसानीचा अभ्यास असा करतील की पुढच्या पन्नास वर्षांत कोणालाही तो संदर्भासाठी उघडावा लागेल. त्यांचा दोष उशीर आणि जड भाषा.

कंत्राटी संशोधन करणाऱ्या संस्थांचा नमुना म्हणजे अमेरिकेची रँड. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथल्या हवाई दलासाठी सुरू झालेलं काम १९४८ साली वेगळी ना-नफा संस्था झालं. इथे गिऱ्हाईक प्रश्न देतं आणि संस्था उत्तर शोधते. “पूरग्रस्त भागाचं स्थलांतर स्वस्त की संरक्षक भिंत?” असा प्रश्न आला तर दोन्हींचा हिशोब नेमका मिळेल. तिसरा पर्याय आहे का, हे मात्र विचारलेलंच नसतं.

विचारसरणीच्या किंवा पक्षाच्या जवळच्या संस्था हा चौथा प्रकार, आणि यांच्याबद्दल लोक उगाच नाक मुरडतात असं माझं मत आहे. इंग्लंडमधल्या फेबियन सोसायटीनं १८८४ पासून समाजवादी विचार पेरला. अमेरिकेत हेरिटेज फाउंडेशन १९७३ साली निघालं आणि रेगन सत्तेवर आले तेव्हा १९८१ मध्ये त्यांच्यापुढे शिफारशींचं जाडजूड बाड तयार ठेवलं. जर्मनीत बहुतेक मोठ्या पक्षांजवळ एकेक प्रतिष्ठान आहे आणि त्याला सरकारी तिजोरीतून पैसा मिळतो. आपल्याकडे रामभाऊ म्हाळगी प्रबोधिनी (१९८२) एका बाजूची, राजीव गांधी प्रतिष्ठान (१९९१) दुसऱ्या बाजूचं. अशी संस्था पुराचं उत्तर बऱ्याचदा आधीच ठरवून निघते आणि मग पुरावे जमवते. तिनं आपला कल उघड सांगितला असेल तर त्यात गैर काही नाही. वाचणाऱ्यानं तेवढं जमेस धरून वाचायचं. कल लपवणारी संस्था मात्र धोक्याची.

उद्योगसमूहांच्या पैशावर उभ्या राहिलेल्या संस्था वेगळ्या. ऑब्झर्व्हर रिसर्च फाउंडेशन १९९० चं, रिलायन्सच्या आधारावर वाढलेलं, आणि परराष्ट्र धोरणात आज त्याचं वजन आहे. आणखी वेगळी ‘पीआरएस’: २००५ पासून ती विधेयकांची सोपी फोड करून खासदार-आमदारांना देते आणि शिफारस मुद्दामच करत नाही. निर्णय लोकप्रतिनिधीनं घ्यायचा, माहिती आम्ही देऊ, ही त्यांची शिस्त मला फार आवडते.

आणि एकाच विषयाला चिकटून राहणाऱ्या संस्था. दाभोळचा एन्रॉन प्रकल्प गाजत होता तेव्हा पुण्याच्या ‘प्रयास’ गटातली माणसं वीज खरेदीचा करार वाचायला बसली, अटींचं गणित मांडलं आणि ती वीज मंडळाला काय भावात पडेल हे दाखवलं. २००१ मध्ये वीज मंडळानं ती वीज घेणं थांबवलं. करार नीट वाचणं हेही संशोधनच आहे, आणि त्याला मोठी इमारत लागत नाही.

या सगळ्यांच्या बाहेरचं एक उदाहरण सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातलं. १९८२ च्या गिरणी संपानंतर गावी परतलेल्या कामगारांनी आणि शेतकऱ्यांनी मुक्ती संघर्ष चळवळीत दुष्काळाचाच अभ्यास सुरू केला. येरळेची वाळू उपसून ठेकेदार नेतात आणि नदी कोरडी पडते, हे त्यांनी मांडलं. मुंबई-पुण्याचे विज्ञान कार्यकर्ते आणि अभियंते सोबत आले. बळवडी-तांदुळवाडीच्या लोकांनी वाळू विकून आलेल्या पैशातून बळीराजा धरण बांधलं, आणि पाणी जमिनीच्या प्रमाणात नव्हे तर समान वाटायचं, भूमिहीनालाही त्यात हक्क, हा विचार पुढे आणला. भारत पाटणकरांसारखे कार्यकर्ते तो विचार पुढे आटपाडीपर्यंत घेऊन गेले. इथे प्रश्न विचारणारा आणि ज्याच्यावर अभ्यास होतोय तो, एकच होता. आपल्या जिल्ह्यांवर निघालेल्या बहुतेक अहवालांत तसं नसतं. सातारा-सांगलीत पाहण्या खूप होतात, पण प्रश्न बाहेरून ठरून येतात.

म्हणून विश्वास ठेवायचा का, या प्रश्नावर माझं उत्तर संस्थेच्या नावाकडे बघत नाही. दोन गोष्टी बघते: हा प्रश्न कोणी ठरवला, आणि पैसा कोणाचा.

पैशाचे मार्ग थोडेच. काळ्यांनी दिला तसा मूळ निधी असेल तर व्याजावर संस्था चालते आणि न आवडणारे प्रश्नही विचारू शकते. असा निधी आता दुर्मीळ. बहुतेक संस्था प्रकल्पांवर जगतात: एक संपायच्या आत दुसरा मिळवायचा, नाहीतर पगार थांबतात. मग दाते ज्या विषयाला पैसे देतात तोच विषय महत्त्वाचा वाटू लागतो. विदेशी निधीला एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालचा परवाना, लागतो: संस्था किमान तीन वर्षं जुनी हवी, त्या काळात कामावर १५ लाख रुपये खर्च झालेले हवेत, आणि परवाना सरकार रद्द करू शकतं. दिल्लीच्या सेंटर फॉर पॉलिसी रिसर्चची (१९७३) नोंदणी जानेवारी २०२४ मध्ये रद्द झाली; तिथला संशोधकांचा ताफा त्याआधीच विखरायला लागला होता. कंपन्यांच्या सीएसआरचा, म्हणजे सामाजिक जबाबदारीपोटी कायद्यानं करायच्या खर्चाचा, पैसा मोठा, पण कायद्यातल्या यादीत धोरण-संशोधन ही स्वतंत्र बाब नाही, त्यामुळे तो शाळेच्या खोल्यांकडे आणि पाण्याच्या टाक्यांकडे वळतो.

पैसा अहवालात कसा शिरतो तेही सांगते. निष्कर्ष बदला असं कोणी म्हणत नाही. एका प्रकल्पात निधी देणाऱ्यांकडून सूचना आली ती फक्त साराच्या पानाबद्दल: अमुक परिच्छेद आतल्या प्रकरणात हलवा, सारात जागा कमी आहे. परिच्छेद होता नुकसान झालेल्या कुटुंबांचा. आम्ही भांडून तो सारात ठेवला. पण प्रत्येक संस्था भांडण्याच्या परिस्थितीत नसते, आणि वाचणारे बहुतेक जण सारापुढे जात नाहीत. तेव्हा अहवाल हातात आला की मी उलटा वाचते: आधी शेवटची पानं, जिथे आभार आणि निधीचा उल्लेख असतो, मग प्रश्नावली, मग नमुना कुठून आणि किती, मग तक्ते, आणि सार सगळ्यात शेवटी. प्रश्नावली छापलीच नसेल तर त्या अहवालातल्या टक्केवारीवर मी भरवसा ठेवत नाही. आणि शिफारस तक्त्यांतून निघते की वरून चिकटवलेली आहे, हे दोन्ही शेजारी ठेवलं की दहा मिनिटांत कळतं.

राहिला कामाचा प्रश्न. काम मिळतं. सुरुवात बहुधा क्षेत्रपाहणी करणाऱ्या अन्वेषकापासून किंवा संशोधन सहायकापासून होते. एमएसोबत संख्याशास्त्र पक्कं हवं, एक्सेलच्या पलीकडे स्टाटा किंवा आर या आकडेवारीच्या संगणक-प्रणालींतली एक यायला हवी, आणि इंग्रजीत दोन पानं स्वच्छ लिहिता यायला हवीत. ही तिन्ही शिकता येतात. उचल आणि उधारी यातला फरक मात्र दिल्लीतल्या मुलाला शिकवावा लागतो, तुम्हाला तो घरातच कळलेला आहे. मुलाखतीला जाताना हे भिडेखातर लपवू नका. तुम्ही स्वतः केलेली एखादी छोटी पाहणी, तिची प्रश्नावली आणि तक्ते सोबत न्या. प्रमाणपत्रांपेक्षा आम्ही ते आधी बघतो.

आणि पुण्या-दिल्लीलाच जायला हवं असं नाही. सात जण मिळून संस्था नोंदवता येते, १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि सोबत सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली. पण नोंदणीची घाई नको, आधी काम दिसू दे. तुमच्या विभागातल्या चार-पाच मैत्रिणी मिळून सातारा जिल्हा वार्षिक योजनेच्या मागच्या पाच वर्षांच्या मंजूर आणि खर्च झालेल्या रकमा माहितीच्या अधिकारात मागवा, माण-खटावला किती गेले आणि कराड-पाटणला किती हे तालुकावार लावा, आणि आठ पानांत मराठीत लिहून काढा. मसुदा तयार झाला की माझ्याकडे पाठवा, मी तपासून देईन.